बारावं पॅनेल

आयर्लंडमधल्या डंडॉकला जानेवारीत सलग तीन दिवस कडाक्याची थंडी पडली. तिसऱ्या सकाळी पारा उणे आठवर होता आणि वर लख्ख ऊन. त्या उन्हातच मोरेश्वरच्या घरचा सोलरचा इन्व्हर्टर गेला.

तपासायला निमिष आला. पुण्याहून इथे एमएस्सीला आलेला हा मुलगा आता सोलरच्या कामात होता. सप्टेंबरात पॅनेलं त्यानेच बसवली होती. त्याने मीटर लावून पाहिलं आणि टॅबलेटवर रिपोर्ट भरला. मोरेश्वरने टॅबलेट ओढून घेतला. 'कारण: रांगेत पॅनेल जास्त. डिझाइन: उर्मिला.'

"हे नाव खोड."

"काका, फॉर्ममध्ये नाव टाकावंच लागतं. ड्रॉइंग काकूंचं आहे."

"तुला फ्यूज कशाशी खातात ते कळायच्या आधीपासून ती चिपच्या कारखान्यात व्होल्टेज मोजत होती. आता ती नाही, म्हणून तिच्या माथी मारतोस? मेलेलं माणूस उलटून बोलत नाही. बरं असतं तुम्हाला."

निमिष खाली बघत राहिला. मोरेश्वरचा संताप आणखी वाढला. नोव्हेंबरात उर्मिला गेली, तेव्हापासून जो तो त्याच्यासमोर असाच खाली बघत होता. डॉक्टर, ऑफिसातले लोक, आणि 'सगळं ग्रँड होईल', म्हणजे ठीक होईल, असं शेवटपर्यंत सांगत राहिलेले आयरिश शेजारीसुद्धा.

"इकडे ये," म्हणत त्याने मीटरशेजारच्या प्रेसचं, म्हणजे भिंतीतल्या कपाटाचं, दार उघडलं. दाराच्या आतून उर्मिलाने एक कागद चिकटवला होता.

'इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट. पॅनेल गारठलं की व्होल्टेज वाढतं. उणे आठला एकाचे ५३.५. अकराचे ५८९, चालेल. बाराचे ६४२. बारा नकोत.'

"वाच. मोठ्याने वाच. अकरा लिहिलंय. मग बारावं कोणी चढवलं?"

निमिषने वाचलं. मग पहिल्यांदाच वर बघितलं.

"तुम्ही, काका."

"काय?"

"काकू हॉस्पिटलमध्ये होत्या. मी फोन केला, की काकूंनी अकरा लिहिलेत, रांगेत एक जागा मोकळी राहतेय. तुम्ही म्हणालात, इथे ऊन असतंच किती? टाक बारा, पुण्यात मेव्हण्याच्या गच्चीवर बाराच आहेत. काकूंना विचारू का म्हटलं, तर ओरडलात. तिच्या डोक्याला ताप नको म्हणालात."

मोरेश्वरला तो फोन आठवला. वॉर्डबाहेरचा पॅसेज, हातात मशीनची कॉफी. हे थंडीचं गणित उर्मिलाने त्याला चहा पिताना दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा त्याने नुसती मान हलवली होती.

"मग माझं नाव का नाही लिहिलंस, गाढवा?"

"तुम्ही आधीच इतके... काकूंना आता काय फरक पडणार, असं वाटलं."

"मला पडतो."

त्याने तिचं नाव खोडलं आणि एकेक अक्षर दाबत तिथे स्वतःचं घातलं.

"शिडी आणलीयेस ना? उतरव ते बारावं."

"छप्पर गोठलंय, काका. पाय टिकणार नाही. उद्या."

"उद्या तर उद्या. पण ते खाली आल्याशिवाय नवीन इन्व्हर्टर लावलास, तर माझ्याशी गाठ आहे."

निमिष गेला. मोरेश्वरने प्रेसचं दार धाडकन आपटलं. आत कागद फाटल्यासारखा आवाज झाला. त्याने घाईने दार उघडलं. कागदाचा एक कोपरा सुटला होता. तो त्याने अंगठ्याने दाबून धरला, चिकटपट्टी धरेना तरी.