पुढच्या जाळीवरचा हार

चालक प्रयूनच्या प्रवासी व्हॅनचे पुढचे रडार वर्षभर साधारण दर सातव्या किंवा आठव्या दिवशी आंधळे होत असे, दिवसभर तसेच राही आणि दुसऱ्या दिवशी आपोआप पूर्ववत होई.

नारीरत् त्या नोंदी तिसऱ्यांदा वाचत होती. अपघातांची तांत्रिक तपासणी हे तिचे काम. याच रडारच्या इशाऱ्यावर व्हॅनने वर्षभरात सहा वेळा, प्रयूनचा पाय पोहोचण्याआधी, स्वतःहून ब्रेक लावले होते. सातव्या वेळी, नाखोन सावन शहराच्या रस्त्यावर, जळत्या शेतांच्या धुरात ट्रक उभा असताना, लावले नाहीत. धुरातून माणसाला दिसत नाही; रडारला दिसते. प्रयून जागीच गेला. सततच्या टिवटिवीला कंटाळून चालकानेच यंत्रणा बंद केली असणार, असे व्हॅनच्या मालकाने सगळ्यांना सांगून टाकले होते.

प्रयूनच्या विधवेला, बुआकेवला, एवढेच जाणून घ्यायचे होते की ते खरे का.

"बायकोचं तोंड बंद करता आलं नाही त्या माणसाला, पोरी," ती म्हणाली. "यंत्र कुठलं बंद करतोय?"

तिच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगलेली होती. काही तारखांवर बुद्धाची छोटी आकृती छापलेली. नारीरत्‌ने नोंदींतल्या तारखा त्यांच्याशी ताडून पाहिल्या: अष्टमी, पौर्णिमा, अष्टमी, अमावास्या. एकही चुकली नाही. अपघाताचा दिवसही त्यांतलाच. चंद्राचा रडारवर परिणाम होतो, हे मानायला ती तयार नव्हती. चंद्र पाहून माणसे काय करतात, हे मात्र विचारायला हवे होते.

बुआकेवने सांगितले ते असे. बुद्धाची आकृती असलेल्या अशा प्रत्येक धर्मदिनी पहाटे ती मोगऱ्याचा ताजा हार पाण्यात बुडवून गाडीच्या पुढच्या जाळीवर, मधोमध असलेल्या कंपनीच्या गोल चिन्हावर बांधी. वाहनाची रक्षणकर्ती माय यानांग, तिच्यासाठी. त्या दिवशी चालकासमोर रडार बंद असल्याचा पिवळा दिवा लागे, पण देवीचा हार वाळण्याआधी काढायची प्रयूनची छाती नव्हती. आज यंत्रानेही मौन धरलंय, म्हणून तो हसायचा.

रडार त्या गोल चिन्हाच्याच मागे बसवलेले असते.

नारीरत्‌ने कार्यशाळेत तशीच व्हॅन मागवली. ओला हार बांधला. रडारला समोरची भिंत दिसेना. हार उन्हात वाळवून बांधला; दिसू लागली. प्रयोग तिने तीनदा केला, आणि मग जे दिसले ते सांगायला बुआकेवकडे परत गेली.

"म्हणजे त्यांनी बंद केलं नव्हतं."

"नाही, मावशी."

बुआकेवने हार बांधणाऱ्या आपल्या हातांकडे पाहिले. नुसते 'बाह्य अडथळा' असे लिहूनही अहवाल खोटा ठरणार नाही, हे नारीरत्‌ने चाचरत सुचवले.

"अडथळा म्हटलं की मालक तोही त्यांच्याच माथी मारील," बुआकेव म्हणाली. "हार लिही. कोणी बांधला तेही लिही."

नारीरत्‌ने लिहिले: यंत्रणा चालकाने बंद केलेली नव्हती. पत्नीने जाळीवर बांधलेल्या ओल्या हारातील पाण्याने रडारच्या लहरी शोषल्या. त्यामुळे धुरातला ट्रक व्हॅनला दिसला नाही आणि ब्रेक लागले नाहीत.