भाऊजींची बदली आणि मी, एक डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे आणि युरोपातल्या थोर चित्रकारांच्या सहवासात मी अख्खं वर्ष काढलं आहे. ॲम्स्टरडॅम, म्युनिक, पॅरिस, फ्लॉरेन्स, माद्रिद. जिथे जिथे माणसं चित्रापुढे मान तिरकी करून उभी राहतात, त्या सगळ्या इमारतींत मी होतो. चित्र मात्र एकही पाहिलं नाही. मोठी बॅग आत नेता येत नाही आणि मी बॅगेत होतो. त्यामुळे मला दर वेळी लॉकरमध्ये ठेवलं. युरोपातल्या लॉकरांविषयी काही विचारायचं असेल तर मित्रांनो, अवश्य विचारा.

मी कडीचा डबा. कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. आठवतं ते पुण्यातलं भांड्यांचं दुकान आणि नावं घालणाऱ्या माणसाचं मशीन. किर्र करत त्याने माझ्या पोटावर कोरलं, ‘चि. सुयश व चि. सौ. कां. सुलक्षणा यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट’. गुदगुल्या झाल्या. आपल्या अंगावर काही तरी कायमचं लिहिलं गेलं याचा अभिमानही वाटला. कायमचं म्हणजे काय, हे त्या वयात डब्यालाही कळत नाही.

लग्नानंतर सुलक्षणाताई मला घेऊन बेल्जियममधल्या गेंट गावी आली. सुयशरावांची नोकरी तिथे होती. पुढे तीही एका प्रयोगशाळेत लागली. मी पोहे सांभाळले, डाळी सांभाळल्या, दिवाळीत चिवडा. ‘तुझ्या डब्यातला चिवडा मऊ पडत नाही गं,’ असं पाहुणे म्हणत. ते माझं कौतुक होतं, पण ताई हसून स्वतःकडे घ्यायची. आमचं बरं चाललं होतं.

आणि एका सकाळी सुयशराव दोन बॅगा घेऊन निघून गेले. मित्रांनो, मी हादरलो. जाण्यामुळे नव्हे, शांततेमुळे. भांडण झालं असतं तर निदान कुणी तरी मला आपटलं असतं. इथे सगळं ‘किल्ली टेबलावर ठेवतो’ आणि ‘बरं’ यांत संपलं. संध्याकाळी ताईने धाकट्या बहिणीला, इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या मंजिरीला, फोन लावला आणि सांगितलं, की आम्ही वेगळे होतोय. मग मंजिरीने विचारलं, “मग लोकांना काय सांगायचं?”

मंजिरी वाईट नाही. कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोकरी करते, शेजारच्या म्हातारीचे कचऱ्याचे डबे बाहेर काढून ठेवते. पण तिने त्या आठवड्यात उदयमामांना फोनवर सांगितलं, की भाऊजींची सिंगापूरला बदली झाली. मग म्युनिकच्या स्वातीआत्यालाही तेच सांगितलं. एकदा बदली केली की ती सांभाळावी लागते. पुढच्या वर्षी तिने त्यांना प्रमोशन दिलं. घटस्फोट रीतसर झाला त्या महिन्यात भाऊजींना कंपनीची गाडी मिळाली.

ताईला हे कळलं ते मंजिरीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. ताई मला काठोकाठ चिवड्याने भरून गेंटहून मिल्टन कीन्सला आली होती. घरभर पाहुणे. मंजिरी तिचा हात धरून सगळ्यांपुढे म्हणाली, “ही माझी ताई. भाऊजी सिंगापूरला असतात ना, त्यांना या वेळी जमलं नाही.”

एक काकू माझं झाकण उघडता उघडता म्हणाल्या, “एकटीने राहायचं म्हणजे कठीणच हो. पण पगार चांगला असेल!”

ताईने बहिणीकडे पाहिलं. मग कोट घातला आणि प्रसाद न घेता गेली. मी ओट्यावर राहिलो. माझ्या पोटावर दोघांची नावं होती. ती मंजिरीच्या नजरेस पडू नयेत म्हणून भिंतीकडे वळवून ठेवायची हुशारी मंजिरीचा नवरा परीक्षित याने दाखवली.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. पण जिच्याशी बोलणं बंद आहे तिला भरलेला डबा कसा द्यायचा, हे रीतीत कुठेही सांगितलेलं नाही. म्हणून मी गॅरेजमध्ये गेलो. एका बाजूला रंगाचे डबे, दुसऱ्या बाजूला घडी केलेला ख्रिसमस ट्री. तो वर्षातून एकदा तरी बाहेर जायचा.

तीन वर्षं मंजिरी ताईला फोन करत होती. ताई उचलत नव्हती. एके दिवशी व्हॉट्सॲपवर उत्तर आलं. मंजिरीने ते परीक्षितला वाचून दाखवलं तेव्हा तो गॅरेजमध्ये सायकलचं पंक्चर काढत होता, म्हणून मीही ऐकलं. “ज्यांना खोटं सांगितलंस, त्यांना जाऊन खरं सांग. फोनवर नाही, तोंडावर. मग माझ्याकडे ये.”

“अगं, मग जाऊ या की,” परीक्षित म्हणाला. “युरोप असा कितीसा लांब आहे!”

“आणि काय सांगू ऑफिसात? खोटं परत घ्यायला ॲन्युअल लीव्ह पाहिजे म्हणून?”

तोडगा निघाला. मुलगी ईशिता सतरा वर्षांची, ए-लेव्हलला आर्ट. तेव्हा जाहीर झालं, की हे वर्ष आपण ईशिताच्या आर्टसाठी युरोप पाहणार, आणि वाटेत नातेवाईक आलेच तर भेटणार. मला घासलं, चिवड्याने भरलं. ल्यूटन विमानतळावर स्कॅनरमधून जाताना माझ्यामुळे रांग थांबली. अधिकाऱ्याने माझं झाकण उघडलं, वास घेतला आणि मला अतिशय आदराने बंद केलं.

ऑक्टोबरच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला उदयमामांकडे गेलो. आदल्या दिवशी ॲम्स्टरडॅमचं म्युझियम झालं होतं. लॉकर प्रशस्त, खाली जाळी. मामा सत्तरीचे, निवृत्त, सायकलवरून भाजी आणणारे. त्यांनी चिवडा वाटीत काढला आणि विचारलं, “काय गं, जावईबापू कसे आहेत आमचे?”

मंजिरी पाणी प्यायली. “मामा, तुम्हाला एक सांगायचंच होतं. सुयशभाऊजी...”

“काय झालं? बरे आहेत ना?”

“बरे आहेत, बरे आहेत! ते... त्यांची बदली झाली. टोकियोला.”

मित्रांनो, माझं झाकण घट्ट होतं म्हणून, नाही तर उडालंच असतं. परीक्षितला ठसका लागला. ईशिताने आईकडे असं पाहिलं, की जणू आई आत्ताच भिंतीतून चालत आली.

“टोकियो,” मामा सावकाश म्हणाले. “बरं. थंडी असते तिकडे.”

परतीला मामींनी मला रीतीप्रमाणे भरून दिलं, स्ट्रूपवाफलांनी, म्हणजे तिकडच्या पाकाच्या बिस्किटांनी. समुद्राखालच्या बोगद्याच्या गाडीत ईशिता म्हणाली, “आई, तू मावशीचं मॅटर फिक्स करायला गेली होती. तू काकाला जपानला पाठवून आलीस.”

“ते माझ्याकडून चुकून झालं.”

“टोकियो चुकून कसं होतं?”

मंजिरीने स्ट्रूपवाफल खाल्लं.

फेब्रुवारीत म्युनिक. या वेळी सांगायचंच, असं ठरवून मंजिरी विमानात बसली. ओठ हलत होते, पाठ करत होती. सकाळी म्युझियम उरकलं. लॉकरला नाणं लागलं, ते परत मिळालं. दुपारी स्वातीआत्याकडे जेवण. आत्या म्हणजे मंजिरीच्या वडिलांची बहीण. मुलाकडे राहते, जर्मन बोलत नाही, आणि तरीही अख्खी बिल्डिंग तिला विचारून कचरा वेगळा करते.

“मंजू, सुयश काय म्हणतोय?” आत्याने ताटात भात वाढता वाढता विचारलं.

मंजिरीने डोळे मिटले. मला वाटलं, आता. तिने डोळे उघडले. “आत्या, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.”

मी डबा आहे. मला घाम फुटत नाही. त्या दिवशी आतून वाफ धरली होती एवढं नक्की.

जेवणं झाली. आत्याने ईशिताची चित्रं पाहायला मागितली. म्युझियममध्ये बसून तिने जे जे रेखाटलं होतं त्यात अंगावर कपडा असलेला माणूस शोधावा लागत होता. मंजिरीला ते आठवलं आणि ती अर्धी उठली. “अगं ते नको दाखवू, आत्याला नको!”

आत्या मात्र शांतपणे एकेक पान उलटत होती. “हा कोण? देव का? बरं. याला थंडी नाही वाजत?”

“आत्या, तुम्ही ते बघू नका, ते कॉलेजचं आहे...”

“आई!” ईशिता ओरडली. “हे सगळे नागडे बसलेत ते चालतं, आणि मावशीचा डिव्होर्स झाली ते सांगायला चालत नाही? सहा वर्षं झाली! काकाचा गुडघा ठीक आहे! काका टोकियोला नाहीये! काका ब्रसेल्समध्ये आहे आणि त्याचं दुसरं लग्न पण झालंय!”

मंजिरीचा चेहरा माझ्यासारखा झाला, म्हणजे चकचकीत आणि कसलाही भाव नसलेला. परीक्षितने टेबलावरचं मीठ उचललं आणि परत ठेवलं.

आत्याने पान उलटलं. “माहितीये गं,” ती म्हणाली. “याचा हात चांगला काढलायस हां.”

“म... माहितीये?” मंजिरीने विचारलं.

“सुलक्षणाने तेव्हाच फोन करून सांगितलं. उदयलाही सांगितलं तिने.”

“मग तुम्ही इतकी वर्षं मला विचारत का होतात, सुयश काय म्हणतोय म्हणून?”

“तू इतकी मनापासून सांगायचीस. मोडणार कसं?” आत्या म्हणाली. “मध्यंतरी उदयचा फोन आला होता. म्हणाला, स्वातीताई, ती आता टोकियोपर्यंत पोचलीये. मी म्हटलं, माझ्याकडे येऊ दे. बघू या कुठे पाठवते.”

आयुष्यात मला अनेक धक्के बसले आहेत. एकदा मी दुसऱ्या मजल्यावरून पडलो होतो. पण म्युनिकच्या त्या टेबलावर बसलेला धक्का वेगळाच. सहा वर्षं तीन देशांत मिळून एक खोटं चालू होतं, आणि त्यात नात्यातला फसलेला माणूस एकही नव्हता. आत्याने मला मेतकुटाने भरलं आणि विषय संपवला.

विषय मंजिरीचा संपला नाही. ताईची अट होती, की तू सांग. तिने तर कुणालाच सांगितलं नव्हतं. ईस्टरला गेंटला जायचं ठरलं होतं, तेव्हा तिने अचानक पॅरिस काढलं. मे महिन्यात फ्लॉरेन्स. जूनमध्ये एका लाँग वीकेंडला माद्रिद. या तिन्ही गावांत आपला एकही नातेवाईक नाही. ती चित्रांपुढून हलेना, असं परीक्षित सांगत होता. त्याला वाटलं, तिला कलेची गोडी लागली. मला लॉकरमध्ये बसून कळत होतं, की ती गेंटला उशीर करते आहे.

ऑगस्टमध्ये गावं संपली.

गेंटला आम्ही संध्याकाळी पोचलो. परीक्षित आणि ईशिता खाली नदीकाठी थांबले. मंजिरी मला दोन्ही हातांनी धरून जिना चढली. माझी कडी इतकी वाजत होती, की बेल वाजवायची गरजच पडली नाही. दार उघडलं. ताईचे केस पांढरे झाले होते. तिने रंगवायचं सोडलं होतं.

“सांगितलंस?” तिने दारातच विचारलं.

इथे ‘हो’ म्हणणं सोपं होतं. खोटं बोलण्यात मंजिरीचा हात बसलेला होता.

“नाही,” मंजिरी म्हणाली. “तोंड उघडलं की दुसरंच निघायचं. मी मामांना टोकियो सांगितलं. आत्याला गुडघा. शेवटी ईशिता बोलली. आणि ताई, त्यांना सगळ्यांना माहीतच होतं.”

“असणारच. मी सांगितलं होतं.”

“मग मला कशाला फिरवलंस वर्षभर?”

ताईने मला तिच्या हातातून घेतलं. खूप दिवसांनी. माझ्या पोटावरची नावं तिने अंगठ्याने पुसून पाहिली, पुसली जाणार नाहीत हे माहीत असूनही.

“सुयश गेला त्या दिवशी मी मामांना फोन केला,” ती म्हणाली. “मामा रडले आणि म्हणाले, जेवलीस का? आत्याने विचारलं, येऊन राहू का? तुला मी सगळ्यांच्या आधी फोन केला होता, मंजू. सगळ्यांच्या आधी. आणि तू सुयशची सोय लावायला घेतलीस. त्याला प्रमोशन दिलंस, गाडी दिलीस, आता ऑपरेशनही केलंस. सहा वर्षं तू त्याची काळजी वाहिलीस. मी कशी आहे, हे तू मला अजूनही विचारलेलं नाहीस.”

मंजिरी दारातच उभी होती. तिचं नाक लाल झालं होतं. मग ती म्हणाली, “कशी आहेस, ताई?”

मित्रांनो, अशा वेळी माणसं मिठी मारतात असं माझं मत होतं. ताई म्हणाली, “आत ये, सांगते.” आणि ती सांगू लागली. आधी थोडं रडली. मग बॉयलर. मग खालच्या मजल्यावरचा माणूस आणि त्याचा कुत्रा. मग थायरॉइड. प्रयोगशाळेतली नवी बॉस. नदीकाठच्या दोघांना भूक लागून ते वर आले तेव्हा ती दाताच्या रूट कॅनालपर्यंत पोचली होती. इतकी वर्षं साठलेलं एका माणसात मावतं, हे पाहून मी खरोखर थक्क झालो. माझ्यात फार तर दोन किलो पोहे मावतात. मंजिरी मध्ये एकदाही बोलली नाही. फक्त “मग?” म्हणत होती.

निघताना मंजिरीने मला उचललं नाही. मी माझ्या घरी आलो होतो.

म्हणून मित्रांनो, एका जुन्या डब्याचं ऐका. कुणाचा संसार मोडला तर लोकांना काय सांगायचं ही काळजी करू नका. लोकांना कळलेलं असतं. त्या माणसाला आधी विचारा, कशी आहेस, जेवलीस का. नंतर विचारायचं झालं तर बराच वेळ बसावं लागतं. आणि आपल्या घरातल्या भांड्यांची काळजी घ्या. त्यांना गॅरेजमध्ये टाकू नका. त्यांनाही आब असतो, इतिहास असतो, अंगावर नावं असतात.

ताई आता पोहे प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवते. माझ्यात डिशवॉशरच्या गोळ्या असतात.