चौथ्या मजल्यावरची खिडकी

रविवारी सकाळी साडेनऊला दारावर थापा पडल्या. बेल असताना थापा! लिफ्ट-मेकॅनिकने दार उघडलं, तर समोर शेजारच्या इमारतीतल्या टेलरताई. माप घ्यायची टेप गळ्यात तशीच.

"तुमचं ते ड्रोनचं भुणभुणं आजही माझ्या खिडकीसमोर! हा चौथा रविवार. बायका कपडे घालून बघतात हो तिथे. सहा जणी यायच्या बंद झाल्या. असंच चाललं तर मला काम गुंडाळावं लागेल."

"ताई, मी तुमच्याकडे बघतच नाही. मी गच्च्या बघतो, टाक्या बघतो. आकाश काय कुणाच्या मालकीचं आहे?"

"मग आकाशात उडवा ना! माझ्या चौथ्या मजल्यावर काय अडकलंय तुमचं?"

त्या जिना दणाणवत उतरल्या. मेकॅनिक वैतागला. आठवड्याचे सहा दिवस तो लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत ग्रीसने माखून उभा असतो. एक दिवस त्याला उंचावरून मोकळं जग बघावंसं वाटलं, तर बिघडलं काय? नागरिकहो, तुम्हीआम्हीही हेच म्हटलं असतं.

"लोकांना दुसऱ्याची मजा सहन होत नाही, अण्णा."

अण्णा, म्हणजे त्याचे वडील, निवृत्त पोस्टमन, मटार सोलत बसले होते. "रेकॉर्डिंग असेल ना? दाखव."

"दाखवतो की! तुम्हीच बघा, काही सापडतं का."

टीव्हीवर पहिला रविवार लागला. टाक्या, गच्च्या, आणि मग सताड उघडी खिडकी. उजेडात मशीनवर बसलेल्या ताईंनी मान वर केली आणि हसून हात हलवला. दुसऱ्या रविवारी त्या हसत नव्हत्या. त्यांच्यामागे कुणीतरी कापड छातीशी धरून भिंतीआड पळालं. अण्णांनी झटकन मान फिरवली. तिसऱ्या रविवारी खिडकीवर चादर होती, चिमट्यांनी अडकवलेली. आणि आज खाकी कागद, चारही कडांना चिकटपट्टी.

"बंद कर," अण्णा म्हणाले.

"पण मी खरंच टाकीकडे बघत होतो!"

"असशील. मी छत्तीस वर्षं पोस्टकार्डं वाटली. उघडी असायची. अक्षरं दिसायचीच, पण नजर पत्त्यावर ठेवायची. एकदाच चुकलो. एका बाईच्या हातात कार्ड देताना आनंदाने म्हणालो, 'अभिनंदन, मुलगा पास झाला!' तिने कार्ड घेतलं नि दार लावलं. पुढे वर्षभर ती टपाल न्यायला स्वतः ऑफिसात यायची. माझा हेतू वाईट होता का? नव्हता. पण तो माझ्या डोक्यात होता रे, तिला कसा दिसणार? तुझंही तेच. त्या खिडकीतून फक्त कॅमेरा दिसतो."

मेकॅनिकने टीव्ही बंद केला. भर दिवसा एका बाईने स्वतःचा उजेड कागदाने बुजवला होता! चार रविवारांत ती खिडकी त्याच्या डोळ्यांसमोर बंद होत गेली, आणि तो टाक्या मोजत होता!

तो तसाच शेजारी गेला. ताईंनी दार अर्धंच उघडलं. त्याने माफी मागितली.

"माफी मला कशाला? मी बोलून मोकळी झाले. त्या सहा जणींना सांगा. मी त्यांना विचारते. ज्या हो म्हणतील, त्यांच्या दारात जाऊन उभे राहा. फोनवर नाही चालायचं."

चौघी हो म्हणाल्या. बुधवारी कामावरून सुटल्यावर तो निघाला, ग्रीसच्या डागांच्या कपड्यांतच. पहिल्या दारात त्याने सगळं रेकॉर्डिंग त्या बाईसमोर पुसून टाकलं.

"तुमच्या न्हाणीघरासमोर आणू का एखादं उडवत?" तिने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "चुकलं माझं."

चौघींनीही मनसोक्त सुनावलं. त्यांतल्या दोघी ताईंकडे परतल्या. बाकीच्या अजून आलेल्या नाहीत. आता तो ड्रोन घेऊन वस्तीबाहेरच्या माळावर जातो. वस्तीत उडवायची वेळ आलीच, तर आधी घरोघर विचारतो, आणि एका घराने नाही म्हटलं तरी ड्रोनची पेटी उघडत नाही.

छंद जरूर जोपासावा. पण "मी बघत नाही" हे उडवणाऱ्याने स्वतःच ठरवून चालत नाही. समोरच्याला निर्धास्त वाटलं पाहिजे, आणि ती जबाबदारी ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याचीच! खिडकीवरचा खाकी कागद अजून निघालेला नाही. तो कधी काढायचा, हे टेलरताई ठरवतील.