कच्च्या बुडाचा रांजण

मी रांजण बोलतोय. नागपुरात सक्करदऱ्याच्या तळ्याकडून बुधवारच्या बाजाराकडे निघालात की कडुलिंबाखाली तट्ट्यांची एक पाणपोई लागते, तिथला. उन्हातून आला असाल तर तुम्ही माझं पाणी प्यायलाच असाल. आणि तोंड पुसत म्हणालाही असाल, ज्यानं ही पाणपोई घातली त्याचं देव भलं करो. सगळेच म्हणतात. मला त्या आशीर्वादाबद्दलच बोलायचं आहे.

माझा जन्म उमरेडच्या वाटेवरच्या एका खेड्यातला. लहानू कुंभारानं मला घडवलं. माती आणली ती चंपतरावांची संत्र्याची बाग आणि आनंदरावांचं लहानसं वावर यांच्या मधल्या नाल्यातून. म्हणजे मी धुऱ्यावरची, दोन वावरांमधल्या बांधावरची माती. अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. त्या मातीत लहानूनं लीद मिसळली, राख मिसळली, दिवस दिवस तुडवली आणि थापटून थापटून मला पोट दिलं.

भट्टीत मात्र मी पुरता राहिलो नाही. अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती आणि चंपतरावांना त्याच दिवशी आपल्या वारलेल्या बापाच्या, रामाजीच्या नावानं पाणपोई उघडायची होती. पितरांना त्या दिवशी पाण्याची घागर देतात. चंपतरावांना घागरीवर भागवायचं नव्हतं. अख्ख्या नागपूरनं पाहिलं पाहिजे, असं काहीतरी हवं होतं.

लहानू म्हणाला, "पाटील, वरून भाजला, पन बूड कच्चं हाय. एक उन्हाळा काढन. मंग भिजून भिजून चिखल होईन."

"मले का त्याच्यावर वंश चालवाचा हाय? काढ भाईर," चंपतराव म्हणाले.

असा मी अर्ध्यातून बाहेर आलो. अर्ध्यात शाळा सोडलेल्या पोराकडे मोठी माणसं जसं पाहतात, तसं मग सगळे माझ्याकडे पाहायचे. टिचकी मारायचे, कान लावायचे आणि मान हलवायचे. कच्चा राहिला. पण अर्ध्यात काढला कोणी, हे कोणी विचारत नव्हतं.

आता चंपतरावांचं सांगतो. माती ऐकत असते, आणि मी रांजण होण्याआधी कितीतरी वर्षं त्यांच्या धुऱ्यावर पडून होतो.

गावात वीज आली ती सगळ्यात आधी त्यांच्या मळ्यात. मोट गेली, मोटर बसली. ज्वारी मोडून त्यांनी संत्रा लावला. झाडं फळांवर आली तेव्हा त्यांची फळं पेट्या भरून रेल्वेनं दूरदूर जाऊ लागली. मग जीपमधून साहेब लोक यायचे, बागेत फोटो काढायचे, शाळेच्या पटांगणात भाषण करायचे, की हा पाहा विकास, सगळ्यांनी चंपतरावांसारखं व्हा. चंपतरावांच्या डोक्यावर फेटा, हातात नारळ. खोटं कशाला बोलू, माणूस राबला होता. फेटा फुकटचा नव्हता.

पण त्यांच्या विहिरीचं पाणी खारं होतं. गावात चेष्टा चालायची, चंपतरावाच्या घरी डाळीत मीठ टाकायचं काम नाही. खारं आणि कमीही. संत्रा तर पाण्यावाचून बोलत नाही.

शेजारी आनंदरावांची विहीर होती. ती कशी झाली तेही ऐका. गावच्या विहिरीवर त्यांच्या लोकांना दोर टाकू देत नव्हते. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर आनंदराव म्हणाले, आता कोणाच्या विहिरीजवळ ओंजळ धरून उभं राहायचं नाही. ते आणि त्यांची बायको कौसल्या, दोघांनी मिळून विहीर खणली. तो खणायचा, ती टोपल्यानं माती वर काढायची. काठावर एक जुनी जांभूळ होती. तिची मुळं विहिरीत उतरली होती. त्यामुळे त्या पाण्याला चव अशी होती, की आधी जिभेला किंचित तुरट लागायचं आणि मग गोड, खूप वेळ गोड. त्या पाण्यावर त्यांची वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर व्हायची. दोघांचं पोट भरून चार पैसे उरायचे.

मग एका कोरड्या वर्षी चंपतरावांनी आडवं बोअर मारणारा माणूस बोलावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीत आणखी खाली न खणता, आतल्या भिंतीतून बाजूला आडवं भोक पाडत न्यायचं. कुठेतरी झरा लागतो आणि पाणी विहिरीत येतं. त्या माणसाला दोरानं खाली सोडलं. खालून त्यानं ओरडून विचारलं, कोणत्या अंगाला धरू?

जांभूळ असते तिथं पाणी असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चंपतरावांनी वरून बोट केलं. "जांभळीकडे धर."

तेवढंच. एक बोट. ते भोक माझ्यातूनच गेलं, नाल्याखालून, धुऱ्याखालून. वरती धुऱ्याचे दगड जागच्या जागी होते. तलाठ्यानं येऊन मोजलं असतं तरी एका बोटाचाही फरक निघाला नसता.

चंपतरावांची विहीर भरली आणि भरली ती गोड पाण्यानं. गावातले म्हातारे पारावर जमले आणि त्यांनी निकाल दिला, की ही रामाजीची पुण्याई. बापानं वरून पाठवलेलं पाणी. यांतल्या प्रत्येकानं जन्मभर विहिरी खणल्या होत्या. खारी विहीर एका रात्रीत गोड कशी होते, हे त्यांना कळत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. पण पुण्याई म्हटलं की पुढे बोलायचं काम उरत नाही. ज्या लोकांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्या विहिरीचं पाणी देवाच्या अंगावर पडू लागलं आणि देवालाही विटाळ झाला नाही.

होळीपर्यंत आनंदरावांच्या विहिरीत चिखल राहिला. ते चंपतरावांच्या दारी गेले.

"पान्यावर का नाव लिहून असते का गा, आनंदराव?" चंपतरावांनी विचारलं.

ओट्यावर बसलेले चार म्हातारे हसले. त्या हसण्यावर सगळं मिटलं. पुढच्या पावसातही विहीर पुरती भरली नाही, कारण वरून येईल तेवढं खालून जात होतं. एका सकाळी आनंदराव आणि कौसल्या भांडी-गाठोडं घेऊन नागपूरला निघून गेली. जांभूळ उभ्या उभ्या वाळली.

आणि मग चंपतरावांना पाणपोई सुचली.

नळाचं पाणी त्यांना चालणार नव्हतं. पुण्य आपल्या विहिरीचं पाहिजे, बापानं दिलेलं. म्हणून रोज सकाळी दुधाच्या टेम्पोत पाण्याचा ड्रम चढायचा आणि त्याच्यासोबत यायची चंपतरावांची विधवा बहीण सुभद्रा. दिवसभर माझ्याशेजारी बसायची, गडव्यानं पाणी द्यायची, दिवेलागणीला परत. तट्ट्यावर पाटी होती, कै. रामाजी यांच्या स्मरणार्थ, सर्वांसाठी खुली.

रांजणाचं काम काय, तर घाम गाळायचा. आतलं पाणी माझ्या अंगातून पाझरतं, उन्हाला जातं, तेव्हा उरलेलं थंड होतं. मी कच्चा, म्हणून जास्त पाझरायचो. लोक म्हणायचे, असं थंड पाणी सक्करदऱ्यात नाही. त्यांना काय माहीत की मला घाम कशानं फुटतो. धुऱ्याच्या मातीच्या पोटात धुऱ्याखालून चोरलेलं पाणी. मी ते ओळखणार नाही तर कोण ओळखणार? आणि वरून जो येईल तो आशीर्वाद देऊन जातो. मी तो झेलतो. मला तोंड आहे, पण ते वर, आभाळाकडे. नाही म्हणता येत नाही.

चंपतराव दर बुधवारी यायचे. बाकावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नमस्कार घ्यायचे आणि समोरून चहा मागवायचे. भर वैशाखातही चहा. आपल्या पाणपोईचं पाणी त्यांनी कधी तोंडाला लावलं नाही. सुभद्रेनं हे पाहिलं होतं. मीही.

एका दुपारी बांधकामावर माती-विटा वाहणारी एक रेजा आली. डोक्यावर चुंबळ, हातावर सिमेंट. सुभद्रेनं गडवा दिला. बाई एक घोट प्यायली आणि थांबली. तोंडातलं पाणी तसंच धरून तिनं डोळे मिटले.

"हे पानी कुठचं वं, बाई?"

सुभद्रेनं तेव्हा नीट पाहिलं. ती कौसल्या होती. सुभद्रा म्हणाली, आमच्या विहिरीचं.

"तुमच्या विहिरीचं पानी तं खारं होतं," कौसल्या म्हणाली. "हे आधी तुरट, मंग गोड. माह्या डोक्यावरून टोपलं टोपलं माती काहाडली म्या त्या विहिरीची. मले नोको सांगू."

कौसल्येनं उरलेलं पाणी प्यायलं, सगळं. मग हळूच विचारलं, "जांभूळ हाय का?"

"वाळली."

कौसल्येनं मान हलवली. शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला आणि सुभद्रेलाही. तिनं फक्त आपल्या जेवणाच्या डब्यात थोडं पाणी मागितलं, घरी आनंदरावांसाठी. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं सांगितलं, की रिक्षा ओढून आलेला माणूस एक घोट प्याला आणि डबा पालथा घालून झोपून गेला. पुन्हा आणू नको म्हणाला.

त्या बुधवारी चंपतराव बाकावर बसले तसं सुभद्रेनं विषय काढला. इतक्या वर्षांत ती भावासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"दादा, ते भोक बंद कर."

"कोनतं भोक?"

"तुले माहीत हाय."

चंपतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग जे सगळे म्हातारे म्हणतात तेच म्हणाले. हे सगळं कोणासाठी केलं? घरासाठी, गावासाठी. आज गावात दहा घरी संत्रा आहे तो कोणाकडे पाहून? झाडं आता बहारावर आहेत, पाणी तोडलं तर बाग जाईल. एकाच्या वावरापायी विकास थांबवायचा का? बोलताना ते कपातल्या चहाकडे पाहत होते.

बाग जाईल हे खरं होतं. तेही सांगून टाकतो. आपल्या पायाखालचं सगळं गेल्याशिवाय त्यांना दुसऱ्याचं परत देता येणार नव्हतं. असा विकास त्यांनी वाढवून ठेवला होता.

पण ती गोष्ट त्यांना झोंबली असावी. कारण पुढच्या आठवड्यात त्यांनी काय करावं? दुसरा रांजण आणला. चांगला भाजलेला, पक्का, टिचकी मारली की टणटण वाजणारा. त्यात वाळा टाकला. आणि सुभद्रेला सांगितलं, कौसल्या आली की सगळ्यांच्या आधी तिची घागर भरत जा, रोज, आपल्या टेम्पोनं घरी पोचवून दे. पाप दिसलं की आमचे वडीलधारे पुण्य दुप्पट करतात. पापाला हात लावत नाहीत.

कौसल्या आली. चंपतराव स्वतः उठून उभे राहिले, घागर पुढे केली. आजूबाजूचे लोक कौतुकानं पाहत होते.

कौसल्येनं घागरीला हात लावला नाही. "घागर नोको, पाटील," ती म्हणाली. "विहीर द्या." आणि चुंबळ सावरून कामावर निघून गेली.

चंपतराव घागर हातात धरून तसेच उभे राहिले. खाली कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना.

त्यानंतर सुभद्रेनं मला भरणं सोडलं, तळ ओला राहील एवढंच पाणी ती टाकते. लोक त्या पक्क्या रांजणाचं पाणी पितात, मी शेजारी वाळूत बसून असतो. माझं बूड आता मऊ झालं आहे. बोट लावलं तर खळगा पडतो. लहानू बाजाराला आला होता तेव्हा तिनं त्याला विचारलं, याची पुन्हा माती होईल का. लहानू हसला. म्हणाला, पक्का असता तर खापर झालं असतं, जन्मभर खापरच. हा कच्चा आहे, फोडून भिजत घातला की कालवला जाईल. मातीचं काय करता, बाई? सुभद्रेनं सांगितलं, एक भोक बुजवायचं आहे.

आज संध्याकाळी तिनं टेम्पोवाल्याच्या मदतीनं मला मागे चढवलं. चंपतराव खाली उभे राहून पाहत होते. कशाला नेतेस, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या तळाशी ओंजळभर पाणी उरलं होतं. सुभद्रेनं ते गडव्यात घेतलं आणि भावापुढे धरलं.

"पे, दादा."

मला वाटलं, ते ओतून देतील. त्यांनी गडवा घेतला, रस्त्याकडे पाठ केली आणि ते प्यायले.

"तुरट हाय," ते म्हणाले.

मग पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारी बसले. टेम्पो सुरू झाला तसं त्यांनी मागे वळून बहिणीला सांगितलं, "धरून बस त्याले. दचके लागतात."

ते मला विहिरीत उतरू देतील की वाटेत मन पालटतील, मला सांगता येत नाही. पक्क्या भाजलेल्या माणसांचा मला भरवसा नाही. पण तुम्ही, जे माझं पाणी पिऊन आशीर्वाद देऊन गेलात, माझं एवढं ऐका. ते आशीर्वाद परत घ्या. ज्या बाईनं टोपल्यानं माती काढली, तिच्या पदरात टाका. मी निघालो आहे माझ्या धुऱ्याकडे. जे भोक माझ्यातून गेलं, त्यातच मला ठासून भरा. मी कच्चा राहिलो, तो बहुतेक याच्यासाठीच.