मोह पडल्याची बातमी

दोन हजार तेवीस साली, मोहफुलं गळायच्या दिवसांत, कुरखेड्याच्या बाजारामागे मांडव उभा राहिला आणि गावंच्या गावं तिकडे लोटली. मांडवात अंतर्यामी महाराज. "मन म्हणजे लोणच्याची बरणी. आम्ही झाकण न उघडता आतल्या फोडी मोजतो," असं ते म्हणत.

सोनीबाई पहिल्याच भेटीत विरघळली. तिनं तोंड उघडायच्या आत महाराज म्हणाले, "नातीसाठी रक्त शोधत फिरलीस." खरंच होतं. रंजीताला सिकलसेल. "गोळ्या बंद. अंगारा लाव," महाराज म्हणाले. सोनीबाईनं गोळ्या शिंक्यावर टाकल्या, आणि पोरगी पुन्हा हातपाय दुखून विव्हळू लागली.

शाळेच्या रिना मॅडम समजवायला आल्या. "बाई, गोळ्या काऊन बंद केल्या?"

"महाराजायले न सांगता समजते, मॅडम. तुमच्या डॉक्टरले तर सुई टोचूनबी समजत नाई."

मॅडम हसल्या, पण घरी जाऊन मोबाइल चाळत बसल्या. दर्शनाला येणाऱ्याला महाराजांचा शिष्य आपला नंबर देई: गावाच्या ग्रुपात घाला, रोज सकाळी आशीर्वाद येईल. गावानं भक्तिभावानं तो भजनाच्या, क्रिकेटच्या, मोहफुलं वेचणाऱ्या बायांच्याही ग्रुपात घातला होता. ज्या बातमीखाली जोडलेल्या हातांची नि रडक्या तोंडांची चित्रं सगळ्यांत जास्त, तीच महाराजांना 'दिसे'. रंजीतासाठी रक्ताची हाक तर त्यानंतरच प्रत्येक ग्रुपात फिरली होती. पूर्वी गावची बातमी विहिरीवर कळायची. तिथंही कान देणारं कोणी ना कोणी असायचंच.

मॅडमनी मोहफुलं वेचणाऱ्या बायांना बेत सांगितला. त्यांच्यातली धुरपता कचरली. "जित्या झाडाले पडलं म्हणाचं?" तिनं आधी झाडाची माफी मागितली, मगच ग्रुपात लिहिलं: सोनीबाईचा मोह वादळानं पडला. खाली बायांनी रडक्या तोंडांची रांग लावली. सोनीबाईचा फोन साधा, बटनांचा. तिला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी ती मांडवात बसली. शिष्यानं नाव-गाव विचारून घेतलं. महाराजांनी जटांखालचा कान चाचपला, डोळे मिटले.

"माये, तुझा मोह आडवा झालेला दिसतोय."

सोनीबाईनं स्वतःचे हात हुंगले. "कोणता मोह, महाराज? आज सकाळीच त्याच्याखालून टोपलं भरून आणलं मी. हाताले अजून वास येऊन राह्यला."

"सूक्ष्मात पडला तो."

"मंग माही नातबी सूक्ष्मातच बरी केली काय?"

मांडवात हशा पिकला. मॅडमनी ग्रुप उघडून शिष्याचा नंबर आणि ती रडकी तोंडं सगळ्यांना दाखवली. धुरपतानं महाराजांच्या जटांतून कानातलं यंत्र ओढून काढलं.

महाराज पुढं सिरोंच्याकडे दिसले म्हणतात. शिष्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. ते बरं चालतं. रिना मॅडमची कोरपन्याला बदली झाली. धुरपता आता कोणालाही ग्रुपात घेण्याआधी त्याची सात पिढ्यांची चौकशी करते. रंजीताचा आजार गेलेला नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात आहे. ती गडचिरोलीला शिकते.

सोनीबाई अजून त्याच मोहाखाली फुलं वेचते. कोणी नव्या बाबाचं कौतुक सांगत आलं, की टोपलं खाली ठेवून एवढंच म्हणते, "त्याले सारं समजते ना? मंग पहिले त्याले इचार, तुले कोणं सांगतलं?"