जुनी गाडी, नवं इंजिन आणि मधला मी

मित्रांनो, मी एक वीतभर लांबीचा जुना जोड आहे. माझ्या एका टोकाला रुंद प्लग आहे, दुसऱ्या टोकाला बारीक पिनांचा, आणि मधे रंगीबेरंगी वायरी. बॉनेट उघडल्याशिवाय मी कुणाच्या नजरेस पडत नाही.

माझा जन्म अडचणीतून झाला. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करणाऱ्या नर्सबाईंच्या गाडीचं इंजिन कायमचं बंद पडलं. गॅरेजवाल्या दादाने नव्या धाटणीच्या गाडीचं इंजिन आणून बसवलं खरं, पण जुन्या वायरिंगचा प्लग इंजिनाच्या कंप्युटरला काही केल्या बसेना.

"बाई, हे जमायचं नाही. गाडी भंगारात द्या," दादा म्हणाला.

 लांबच्या वस्तीवरचे नर्सबाईंचे रुग्ण आता कोण पाहणार होतं?

वायरिंगचं काम दादाची धाकटी बहीण, म्हणजे माझी ताई, करायची. ती म्हणाली, "दादा, मला दोन दिवस दे."

तिने दोन्ही जातींचे प्लग मिळवले, एकेक वायर सोलली, पिना दाबून बसवल्या आणि मला घडवलं. पण किल्ली फिरवताच फ्यूज उडाला. दादा हसला. मी अगदी खजील झालो. ताई मात्र शांतपणे म्हणाली, "चूक माझी आहे. दोन्हीकडे पिवळी वायर दिसली आणि मी रंगावर विसंबले."

जुन्या गाडीत पिवळी वायर पेट्रोलच्या पंपाची होती, नव्या इंजिनात ती सेन्सरची निघाली. ताईने दोन्ही गाड्यांच्या वायरिंगचे नकाशे समोर ठेवून, मीटर लावून प्रत्येक वायर पुन्हा तपासली. संध्याकाळी इंजिन सुरू झालं. नर्सबाईंनी तिचे काळे झालेले हात किती तरी वेळ सोडले नाहीत.

मग अकरा वर्षं मी धूळ आणि धग सोसत निमूट काम केलं. एकदा गाडी धुताना कुणीतरी इंजिनावर पाण्याचा जोरदार फवारा मारला. माझ्या पिनांवर हिरवट गंज चढला आणि एका सकाळी गाडी भर रस्त्यात थांबली. वस्तीवरच्या एका आजोबांचं इंजेक्शन व्हायचं होतं.

दादा धावत आला. ताई तेव्हा सासरी, दूरच्या गावी होती.

"हा जोड कापून वायरी सरळ पिळून टाकू का?" त्याने फोनवर विचारलं.

"कापू नकोस, दादा. आधी उघडून पिना बघ. बारीक ब्रशने घास आणि कोरड्या कर."

दादाने तसंच केलं, तेही इतक्या हलक्या हाताने, की मला नवल वाटलं. गाडी सुरू झाली आणि इंजेक्शन वेळेवर झालं. त्या भावंडांचे उपकार मी कसे विसरू?

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. गाडी धुताना आम्हाला झाका. आणि कधी प्लग सोडवायची वेळ आली तर वायर ओढू नका. प्लग धरा, खिट्टी दाबा आणि हळूच काढा.