छतातलं मेण

ऑस्ट्रेलियातल्या, आखाताकाठच्या आमच्या वृद्धाश्रमात जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, भिंतींनाही घाम फुटतो. जुना एसी वारला आणि नव्याचा भार गावच्या तारांना पेलवेना. तेव्हा ॲडलेडहून लॅकलन प्रुइट नावाचा तरुण इंजिनियर आला आणि त्यानं छतात मेणाच्या चपट्या पिशव्या बसवल्या. चोवीस अंशांना मेण वितळतं, वितळता वितळता खोलीतली उष्णता पिऊन घेतं. वीज शून्य. हे ऐकूनच समिती इतकी गारेगार झाली की पिशव्या नसत्या तरी चाललं असतं.

शुक्रवारी दुपारी सरकारी तपासनीस येणार होत्या. खोल्या सत्तावीस अंशांच्या वर दिसल्या की आश्रमाला कुलूप आणि माणसं ॲडलेडला.

"तिथं खिडकीतून काय दिसतं, सिल्वी? दुसऱ्याची खिडकी," चौऱ्याऐंशी वर्षांची मर्ल ट्रेझाइझ मला म्हणाली. मी इथली स्वयंपाकीण. "मला समुद्र बघत मरायचंय. घाई नाही, पण इथंच."

सोमवारी पंचवीस. पाळण्यातलं बाळ दाखवावं तसा लॅकलननं फोनमधला आलेख घरभर दाखवला. मंगळवारी एकोणतीस. बुधवारी एकतीस.

"नवीन पदार्थ रुळायला वेळ घेतो," तो म्हणाला.

"आमच्याकडे वेळच कमी आहे रे राजा," मर्ल म्हणाली. "तुझं मेण रात्री काय करतं?"

"गार हवेनं पुन्हा घट्ट होतं."

"आणि ती हवा आत येते कुठून?"

लॅकलननं खिडकीकडे पाहिलं. चौकटीत चार स्क्रू. गेल्या वर्षी एक्याण्णव वर्षांचा क्लॅरी खिडकीतून उतरून पबमध्ये गेला, तेव्हापासून समितीनं आमच्या सुरक्षेसाठी सगळ्या खिडक्या ठोकून टाकल्या होत्या. इंजिनियरच्या नकाशात खिडक्या उघडत होत्या. समितीच्या माहितीपत्रकात रात्रच नव्हती.

"सिल्वी, लोणी वितळलं तर काय करतेस?" मर्लनं मला विचारलं.

"फ्रीजमध्ये ठेवते."

"दार उघडून ना?" मर्ल हसली आणि आईनं शिकवलेलं गुणगुणली:

*ऊन आलं दारी, दार लावून घे गं बाई,*
*वारा आला सांजचा, त्याला मनाई नाही.*

"गाण्यानं नियम बदलत नाहीत," समितीचा अध्यक्ष नोएल बॅगशॉ म्हणाला. "पुढच्या महिन्याच्या बैठकीत विषय घेऊ. खिडकीतून कुणी पडलं तर?"

"ॲडलेडला धाडलंस तर सगळेच पडू, नोएल. अंथरुणात."

तेवढ्यात क्लॅरीनं सपातेतून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"माझी खिडकी वर्षभर रोज रात्री उघडी असते," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या खोलीत आत्ता पंचवीस आहे. कुणी विचारलंच नाही."

लॅकलन धावत जाऊन बघून आला आणि खाली बसला. मग उठला आणि त्यानं क्लॅरीच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला. संध्याकाळी समुद्रावरून वारा आला तेव्हा घरातली एकही खिडकी बंद नव्हती. नोएल डोळे मिटून बसला होता, म्हणजे त्यानं काही पाहिलं नाही.

सकाळी ऊन दारी यायच्या आत आम्ही त्या लावून घेतल्या. शुक्रवारी दुपारी बाहेर त्रेचाळीस, आत पंचवीस. तपासनीसबाईंनी सही केली. यादीतला क्लॅरी कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फिरायला गेलाय.

महिन्यानं लॅकलनचा अहवाल आला. पदार्थानं अपेक्षेप्रमाणे काम केलं. शिफारस एकच: फोनवरून उघडणाऱ्या, मोटरच्या खिडक्या बसवाव्यात.

मर्लनं तो वाचला, घडी करून खिडकीच्या फटीत खोचला, म्हणजे वाऱ्यानं ती आपटत नाही, आणि समुद्राकडे तोंड करून बसली.